वाक्याआधीचा श्वास

लिफ्ट अडकली की आतला माणूस ओरडतो, हे मिस्त्रीला एकतीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. कुणी दार बडवतं, कुणी रडतं, कुणी कंपनीच्या मालकापासून ज्याने लिफ्ट शोधून काढली त्याच्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतं. एका वकिलाने तर आतूनच तोंडी नोटीस द्यायला सुरुवात केली होती. मिस्त्रीला त्याचं काही वाटायचं नाही. आवाज येतोय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, एवढाच अर्थ काढून तो जिना चढायला लागायचा.

म्हणून त्या दिवशी तो घाबरला. जुनी सहा मजली इमारत, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये पाऊण तास अडकलेली लिफ्ट, आत एक वयस्कर बाई, आणि आवाज अजिबात नाही. वॉचमन म्हणाला, सुरुवातीला एकदा बेल वाजली होती, त्यानंतर चिडीचूप. मिस्त्रीने चौथ्या मजल्यावरच्या दाराला तोंड लावून हाक मारली. आतला पंखा एवढा घरघरत होता की उत्तर आलं की नाही तेच कळेना. तो तसाच गच्चीकडे धावला.

मशीनच्या खोलीत त्याने मेन स्विच पाडला, ब्रेकचा दांडा कसा दाबून धरायचा ते वॉचमनला दाखवलं आणि चाक हाताने फिरवायला घेतलं. लिफ्ट मजल्याशी लागल्याची दोरावरची पिवळी खूण जागेवर आली तसा धडाधड खाली उतरून त्याने तिकोनी किल्लीने दार उघडलं. आत जमिनीवर, मातकट रंगाच्या चीवरात, मुंडण केलेली एक सत्तरीची भिक्खुणी मांडी घालून बसली होती. शेजारी औषधांची पिशवी. डोळे मिटलेले. मिस्त्री घाईने आत वाकला.

मग भिक्खुणीने डोळे उघडले आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला फार दम लागलाय," त्या म्हणाल्या. "जरा बसा."

सुटका झालेल्या माणसाने सुटका करणाऱ्याला बसवावं, असं त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. तो खरंच जिन्याच्या पायरीवर बसला. हाक ऐकू आली नाही का, असं त्याने जरा चिडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, आली की, ओ पण दिली, पण आवाजच बारीक पडला. मग एवढा वेळ आत काय केलंत, असं विचारल्यावर त्यांनी साधं उत्तर दिलं: श्वास येत होता, जात होता, तो बघत बसले. त्यात बघण्यासारखं काय असतं, हे मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात कंपनीचा फोन वाजला, दुसरीकडे लिफ्ट बंद पडली होती, आणि तो निघाला. घाईत कामाच्या पावतीवर त्यांची सही घ्यायची राहून गेली.

घरी पोचला तेव्हा मागच्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं.

त्या खोलीत त्याची एकुलती एक लेक होती. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढणारी, हसरी, बडबडी मुलगी. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, आणि सहावा महिना संपता संपता बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून तिला चार दिवस विश्रांतीला म्हणून माहेरी आणलं, त्याला आता सहा आठवडे होत आले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. आईशी कामापुरतं बोले. वडिलांशी नाही.

जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. दर रविवारी तो यायचा, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचा, चहा घ्यायचा, आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर यायचा आणि संध्याकाळी सासूने भरून दिलेला डबा घेऊन परत जायचा.

मिस्त्री हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला नव्हता. त्याने लेकीच्या खोलीतला करकरणारा पलंग दुरुस्त केला. पंखा उतरवून साफ केला, खिडकीची कडी बदलली. आणखी एका डॉक्टरची वेळ घेतली, ती लेकीने मोडली. नकाशांच्या कुठल्याशा नव्या कोर्सची पत्रकं आणून तिच्या उशाशी ठेवली. येता-जाता दारात उभा राहून तो काही ना काही सांगायचा. ऊन आलंय, जरा बाहेर बस. थोडं खा. असं पडून राहिलं की आणखीच वाईट वाटतं. लहानपणापासून तो तिला 'बाळा' म्हणायचा. दवाखान्यातून आणल्यावर सवयीने एकदा तोंडातून गेलं आणि तिचा चेहरा त्याने पाहिला. तेव्हापासून तिला हाक कशी मारायची हेच त्याला कळेनासं झालं होतं. पंख्याच्या घरघरीवरून बेअरिंग ओळखणारा माणूस, पण घरात नेमकं काय बिघडलंय ते त्याला सापडेना.

शेवटी त्याने बायकोला विचारलं. ती शिवणाच्या मशीनवर शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे घेऊन बसली होती. पाय न थांबवता ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तिला काय म्हणालात आठवतंय? अजून वय आहे, होईल दुसरं."

"मग? खोटं आहे का?"

"खोटं नाही," बायको म्हणाली, आणि आता तिने मशीन थांबवली. "पण ते पहिलं कुठे गेलं होतं हो अजून. तिच्या अंगावरचं दूधसुद्धा आटलं नव्हतं."

दोन दिवसांनी तो सहीसाठी भिक्खुणींचा पत्ता शोधत गेला. छापखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचा छोटासा विहार होता. बाहेर चपला होत्या. आत आठ-दहा माणसं डोळे मिटून बसली होती, आणि समोर त्या. सगळे त्यांना आर्याजी म्हणत. दाराजवळच्या एका बाईने मिस्त्रीला हातानेच बसायची खूण केली. पावतीचं पुस्तक मांडीवर ठेवून तो बसला. खालून छपाईच्या मशीनचा ठेका ऐकू येत होता. रोलर कोरडा पडलाय, हे त्याला लगेच कळलं. बाकी करण्यासारखं काहीच नव्हतं. पंधरा मिनिटं कुणीही त्याला काही विचारलं नाही, कुणी तक्रार केली नाही. आपला जबडा किती आवळलेला आहे, हे त्याला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

सही करून झाल्यावर आर्याजींनी विचारलं, परत यायचंय का? त्याने विचार न करता हो म्हटलं आणि जिना उतरताना स्वतःच चक्रावला.

शनिवारी ड्युटी संपल्यावर तो गेला. सांगणं अगदी थोडं होतं. नाकाच्या टोकाशी, वरच्या ओठाच्या वर, जिथे हवा लागते तिथे लक्ष ठेवायचं. श्वास लांब आला तर लांब आला हे कळू द्यायचं, आखूड आला तर आखूड. मन उठून कुठे गेलं, तर गेलं हे लक्षात येईल तेव्हा परत यायचं, त्याला ओरडायचं नाही. बुद्धांनी सांगितलेल्या सजगतेच्या वाटेवर बसायची ही पहिली जागा, एवढं म्हणून आर्याजींनी डोळे मिटले.

मिस्त्रीने हे काम हातात घेतलं ते कुठलंही काम घ्यायचा तसंच. रोज पहाटे साडेपाचला बाहेरच्या खोलीत चटई टाकून तो बसू लागला. बायको उठून पाणी तापवायला ठेवायची आणि त्याच्याकडे बघून पदराआड हसायची. एकदा तिने शेजारणीला सांगितलेलंही त्याने ऐकलं, की आमचे हे हल्ली नाकाची राखण करतात.

तिसऱ्या शनिवारी त्याने आर्याजींना हिशोब दिला. काल दोनशे दहा श्वास मोजले. आखूड येत होते ते सगळे ताणून लांब केले. आता चांगले, एकसारखे येतात.

आर्याजी लक्ष देऊन ऐकत होत्या. पूर्वी त्या शाळेत भूमिती शिकवायच्या, आणि मुलाने चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलं की बघायच्या तशा त्या आता त्याच्याकडे बघत होत्या.

"लांब करायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

तो गोंधळला. आखूड होता ना, म्हणाला.

"आखूड होता तर आखूड. तुम्ही तिथे जायच्या आधीपासून तो चालूच होता की. सत्तावन्न वर्षं. तुमच्याकडे तक्रार आली नव्हती त्याची."

हे ऐकून शेजारी बसलेल्या पोस्टातल्या बाई खुदकन हसल्या. मिस्त्रीही हसला, पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य त्याला सोडेना. ज्याला हात लावायचा नाही, अशा गोष्टीपाशी आपण आयुष्यात कधी बसलो होतो का, हे तो आठवून बघत होता. आठवेना.

हात न लावता बसणं फार अवघड निघालं. पाठ दुखायची. एका गुडघ्याचा वेगळाच संसार सुरू व्हायचा. लक्ष नाकाशी ठेवायचं ठरवलेलं, आणि दोन मिनिटांत मन कुठल्या तरी इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून धक्का झेलणारे बफर तपासत असायचं. पण परत यायला आता एक ठिकाण होतं. कामावर, बसमध्ये, भाजी घेताना, कुठेही आठवण झाली की हवा नाकाशी लागतच असायची. तिच्यापाशी आलं की कळायचं, आपण इतका वेळ इथे नव्हतो.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडली. पहाटे तो बसला होता आणि मागच्या खोलीचं दार वाजलं. लेक पाणी प्यायला उठली होती. त्याच क्षणी मिस्त्रीचा श्वास थांबला. छातीच्या मधोमध, गच्च. आणि लगेच त्याच्या मनात एक वाक्य तयार झालं: चप्पल घाल, फरशी गार आहे. ते तोंडातून गेलं तशी नाकाशी पुन्हा हवा लागली. लेकीने दार लोटून घेतलं.

पण त्याने ते पाहिलं होतं. आधी दार, मग थांबलेला श्वास, मग वाक्य. पुढचे काही दिवस तो तेच बघत राहिला. दर वेळी त्याच क्रमाने. ती समोर आली की श्वास अडतो, आणि तो अडलेला श्वास सुटावा म्हणून आपण बोलतो. तिला काही सांगायचं असतं म्हणून नाही. आपल्याला छातीत दाटतं ते सोसत नाही म्हणून.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी विहारात बसल्यावर मात्र तो दाटलेपणा दार वाजल्यावाचूनच आला. या वेळी बोलायला समोर कुणी नव्हतं, दुरुस्त करायला काही नव्हतं. तो तसाच बसला. आणि त्याला आठवलं, की लेकीला दिवस गेल्याचं कळल्यावर तो कंपनीतल्या सगळ्यांना, अगदी गेटवरच्या माणसालाही, मी आजोबा होणार म्हणून सांगत सुटला होता. नंतर त्याने त्यातल्या एकालाही काही सांगितलं नव्हतं. ते विचारायचे, तो बरं चाललंय म्हणायचा. सहा आठवडे, दहा आठवडे, बरं चाललंय. सत्तावन्न वर्षांचा तो माणूस जेमतेम तोंडओळखीच्या आठ-दहा लोकांमध्ये, आवाज न करता, शर्टाची पुढची बाजू भिजेपर्यंत रडला.

सगळे गेल्यावर आर्याजींनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. काय झालं, विचारलं नाही. त्यानेच तुटक तुटक सांगितलं. लेक, सहावा महिना, बंद दार. त्या ऐकत राहिल्या.

"रडत होतात तेव्हा श्वास कळत होता?" त्यांनी विचारलं.

"हो. पण नीट नव्हता. तुटत होता."

"तुटतोय हे कळलं ना. मग तुम्ही तिथेच होतात."

त्या दिवशी मिस्त्री हलका होऊन घरी आला, आणि हलक्या माणसाकडून होते तशी चूक त्याच्याकडून झाली. आपल्याला जे मिळालं ते लेकीला द्यावं, असं त्याला वाटलं. तसं वाटणंही साहजिकच होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जावई बाहेर चहा पीत असताना मिस्त्री मागच्या खोलीत गेला, पलंगाजवळ स्टूल ओढून बसला आणि सांगू लागला. नुसतं नाकाशी लक्ष ठेव, बाकी काही करू नकोस. दहा मिनिटं. सकाळी केलंस तर उत्तम. बघ, आठवड्यात फरक पडेल.

लेक उठून बसली. किती दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. चेहरा ओढलेला, केस एका बाजूला चपटे झालेले. आवाज चढवलाच नाही तिने.

"बाबा," ती म्हणाली, "मला दुरुस्त करू नका."

बाहेर कपबशीचा आवाज थांबला. मिस्त्री स्टुलावरून उठला, स्टूल जिथून घेतलं होतं तिथे ठेवलं आणि बाहेर आला.

पुढच्या शनिवारी तो विहारात बसलाच नाही, दाराशी थांबून राहिला. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, मग मी करू तरी काय? आर्याजी चपलांची रांग नीट लावत होत्या. त्यांनी उलट विचारलं, की लेकीजवळ बसता तेव्हा तुम्ही कुठे असता? त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"पुढच्या वाक्यात," तो म्हणाला.

आर्याजींनी मान हलवली, आणि त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मिस्त्रीला एकदम आपण शाळेत जाणारं पोर असल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, त्यांची आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्यांनी स्वतः हेच केलं होतं. सकाळ-संध्याकाळ उपदेश. आईने एकदा फक्त हात धर म्हटलं, आणि त्यांना कळलं की दोन महिन्यांत तो एकदाही धरला नव्हता. श्वासापाशी बसायला आपण शिकतो ते यासाठीच, त्या म्हणाल्या. जे आहे त्याच्यापाशी बसता यावं. आधी आपल्या नाकाशी, मग दुसऱ्या कुणापाशी.

स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्या महिन्याच्या एका तारखेला पेन्सिलीने अगदी फिकट गोल केलेला होता. मिस्त्रीने तो रोज पाहिला होता आणि गॅसची तारीख असेल असं समजला होता. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी बायकोने हळूच सांगितलं, ती डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख होती. लेकीनेच गोल केला होता, केव्हा ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. आणि उद्याच गणवेश शाळेत पोचवायचे होते, टाळता येण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रीने रजा टाकली.

दुपारी बायको गठ्ठे घेऊन गेल्यावर त्याने स्टूल मागच्या खोलीच्या बाहेर, बोळात ठेवलं आणि बसला. दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीतून ऊन आलं होतं, पलंगाच्या पायापर्यंत. लेक पाठमोरी होती. झोपलेली नाही, हे तिच्या खांद्यावरून कळत होतं.

बऱ्याच वेळाने ती न वळता म्हणाली, "कामावर नाही गेलात?"

"नाही."

श्वास अडला. छातीच्या मधोमध, नेहमीच्या जागी. आणि मागोमाग वाक्यं आली. बरं नाही वाटत का. चहा करू का. आजचा दिवस काय आहे ते मला माहीत आहे. वेळ जाऊ दे, सगळं ठीक होतं. एकामागून एक ती आली, थोडा वेळ थांबली आणि कुणी दार उघडत नाही म्हटल्यावर गेली. नाकाशी हवा लागत होती. आखूड. मग आणखी आखूड. मग एक लांब आला, आपण होऊन.

ऊन पलंगाच्या पायावरून फरशीवर सरकलं. खाली कुणी तरी सायकलला हवा भरत होतं. लेक उठली, उशी घेतली, आणि दाराच्या चौकटीशी, त्याच्या पायाजवळ जमिनीवर येऊन बसली. मिस्त्रीही स्टुलावरून उतरून तिच्या शेजारी बसला. गुडघा कटकन वाजला. लेकीने सरकून त्याला जागा केली.

"मुलगी होती," लेक म्हणाली.

हे घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मिस्त्रीला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि दोघांनी ते एकमेकांपासूनसुद्धा झाकून ठेवलं होतं. या वेळी त्याच्याजवळ वाक्यच नव्हतं. होता तो एक प्रश्न, आणि तो विचारल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"कशी होती?"

लेकीने त्याच्याकडे बघितलं. तिने उशी मांडीवर घेतली, आणि सांगायला सुरुवात केली. नर्सने विचारलं होतं, बघायचंय का. नवरा नको म्हणत होता, तिने हो म्हटलं. एवढीशी होती, दोन ओंजळींत मावेल एवढी. नखं होती. खरीखुरी नखं, बाबा, प्रत्येक बोटाला. भुवया अगदी पुसट, आपण पेन्सिलीने आधी फिकट रेघ मारतो ना, तशा. आणि कान मोठे. तुमच्यासारखे.

मिस्त्रीचा हात आपोआप आपल्या कानाकडे गेला. ते बघून लेकीला हसू फुटलं, आणि ते हसू तसंच पुढे जाऊन रडणं झालं. त्याने तिला जवळ घेतलं. रडू नकोस म्हणाला नाही, कारण तो स्वतः रडत होता. मधेच तिने सांगितलं, की तिचं नाव ठेवलं होतं. कोणतं ते तिने त्याच्या कानात सांगितलं, आणि ते त्याने पुढे फक्त बायकोला सांगितलं, म्हणून इथेही लिहिता येत नाही.

"मला कुणीच विचारलं नाही, कशी होती," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, विसर."

"मी पण म्हणालो, बाळा," मिस्त्री म्हणाला. आणि शब्द गेला हे त्याला उशिरा कळलं. लेकीने या वेळी चेहरा फिरवला नाही. त्याच्या खांद्याला आणखी टेकून बसली, आणि रडून थकलेलं माणूस झोपतं तशी थोड्या वेळात झोपली. तिचा श्वास त्याच्या दंडाला लागत होता. एक लांब, एक तुटका, मधे हुंदक्याचा. त्याने तो मोजला नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हात हलवला नाही.

बायको परत आली तेव्हा दोघं तशीच चौकटीत बसलेली. तिने एकदा बघितलं, रिकामी पिशवी खांद्यावरून न काढताच लेकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, आणि तिच्या कपाळावरचे केस मागे केले.

त्यानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. लेक कधी बाहेरच्या खोलीत येऊन बसायची, कधी पुन्हा दोन दिवस आतच. पण आता ती बोलायची, आणि बोलायची ते बहुतेक मुलीबद्दलच. मिस्त्री ऐकायचा. पुढच्या रविवारी त्याने आणखी एक गोष्ट केली. जावई डबा घेऊन निघाला तेव्हा तो त्याच्याबरोबर खालपर्यंत उतरला आणि जिन्याच्या वळणावर थांबून विचारलं, की तू कसा आहेस? जावयाने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं. मग म्हणाला, त्या दिवशी मी नको म्हणालो, बघायला. आता रोज वाटतं, बघायला हवं होतं. त्या रविवारी तो परत वर आला आणि लेकीच्या खोलीत पाच मिनिटं नाही, दिवेलागणीपर्यंत बसला. दोघांचे आवाज बाहेर येत होते, शब्द नाही. बायकोने मशीन सुरू केली, म्हणजे तेही ऐकू येऊ नये.

दीड महिन्याने लेक आपल्या घरी गेली, आणि थोड्या दिवसांनी ऑफिसात रुजू झाली. विहारात ती एकदा येऊन बसली. पायाला मुंग्या आल्या आणि छपाईच्या मशीनच्या ठेक्यावर गाणंच सुचत राहिलं, एवढंच तिने सांगितलं, आणि पुन्हा आली नाही. मिस्त्रीने आग्रह केला नाही. तो मात्र जातो. अजूनही कधी कधी श्वास ताणतो, आणि ताणतोय हे कळलं की स्वतःशीच हसतो. घरात वाक्यंही सुटतात त्याची. फरशी गार आहे, चप्पल घाल, हे बायकोला परवाच म्हणाला, आणि तिने चप्पल त्याच्याच पुढ्यात सरकवून, तुम्हीच घाला, असं उत्तर दिलं.

मागच्या आठवड्यात लेक आली होती. जेवणं झाली, आई शेजारी गेली होती, आणि ती वडिलांच्या समोर पाय पोटाशी घेऊन बसली. काही उदास नव्हती, काही फार खूशही नव्हती. मिस्त्री तिच्याजवळ बसून होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"बाबा, तुम्ही हल्ली फारच गप्प बसता," ती म्हणाली. "काही तरी बोला की."

मिस्त्रीने जरा आठवून बघितलं. मग त्याने तिला एका इमारतीची गोष्ट सांगितली, जिथली लिफ्ट रोज चार वाजता आपोआप दुसऱ्या मजल्यावर थांबायची म्हणून तक्रार होती. दोनदा सगळं सर्किट तपासलं, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा तो चार वाजता स्वतः दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. तिथले एक आजोबा बटण दाबून, लिफ्ट आली की आत कोण आहे ते बघून, नमस्कार करून परत घरात जायचे.

"मग? काय केलंत तुम्ही?" लेकीने विचारलं. ती आधीच हसायला लागली होती.

"काय करणार," मिस्त्री म्हणाला. "मीही नमस्कार केला. तक्रारीत लिहिलं, लिफ्ट व्यवस्थित आहे."